प्रबंध पुन्हा लिहिणारा विद्यार्थी

मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर असते. कोट, चष्मा, हातात पुस्तक. चौदा एप्रिलला तिला हार घातला जातो, भाषणे होतात, आणि भाषणांत बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वाचली जाते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. यादी संपली की टाळ्या पडतात. पण या पदव्या मिळवताना हा विद्यार्थी वाचत कसा होता, टिपणे कशी काढत होता, लिहिलेले परत आले तेव्हा त्याने काय केले, हे त्या भाषणांत सहसा येत नाही. मला वाटते, आजच्या विद्यार्थ्याच्या उपयोगाची गोष्ट पदव्यांच्या यादीत नाही. ती या अभ्यासात आहे.

माझे गाव वालूर. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले. आमची चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव आता दूरदूरची माणसे पाहायला येतात. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. आता निवृत्तीनंतर वालूरची आणि आसपासची मुले-मुली प्रकल्प-अहवाल, शोधनिबंध घेऊन येतात. पुष्कळ जण घरातले पहिलेच पदवीधर. बुद्धीने कमी नाहीत. पण सर, किती पाने लिहू, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. काय वाचू, हा प्रश्न फार उशिरा येतो, आणि मला यातून काय म्हणायचे आहे, हा तर बहुधा येतच नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलेच नसते. शाळेत गाईड, महाविद्यालयात अपेक्षित प्रश्नसंच आणि पदव्युत्तर वर्गात झेरॉक्स, अशी वाट चालून आलेल्या मुलाला एकदम स्वतःचे लिही म्हटले तर तो बावरणारच.

अशा मुलांना मी कोणतेही परदेशी तंत्र सांगत नाही. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची हकीकत सांगतो.

दोन वाजताचा दिवा

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत असत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून ते मुलाकडून हॉवर्डची क्रमिक पुस्तके पाठ करून घेत आणि तर्खडकरांच्या पाठमालेवरून भाषांतर करवून घेत. या भाषांतराच्या सवयीकडे आपण लक्ष द्यायला हवे. एका भाषेतले वाक्य दुसऱ्या भाषेत नेताना त्याचा अर्थ पुरता कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. ज्या मुलाला मराठीत विचार करून इंग्रजीत वाचायचे आहे, त्याला यापेक्षा चांगला व्यायाम मला ठाऊक नाही.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत आले. खोली एकच. माणसे, भांडी, लाकूडफाटा, सारे तिथेच. मुलगा लवकर झोपे. रात्री दोनपर्यंत वडील जागे राहत, मग त्याला उठवून स्वतः त्या जागी आडवे होत. पहाटेपर्यंतची ती शांतता मुलाची. नवे पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले तर रामजी मुलीकडे जात आणि तिचा एखादा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत. अभ्यासासाठी वेगळी खोली नाही म्हणणाऱ्या पालकांनी ही खोली डोळ्यांपुढे आणावी. रामजींनी जागेचा प्रश्न वेळेच्या वाटणीने सोडवला होता.

संस्कृत शिकण्याची भीमरावांची इच्छा होती, पण अस्पृश्य म्हणून त्यांना शाळेत ते शिकू दिले नाही. फारसी घ्यावी लागली. शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांची नजर त्यांच्यावर गेली. हा मुलगा रोज इथे येऊन वाचतो, हे पाहून केळूसकर त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारात केळूसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे केळूसकरांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महाविद्यालयासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तके देत. वाचणाऱ्या मुलाला ओळखणारा एखादा मोठा माणूस वेळेवर भेटला की काय होते, याचे हे उदाहरण आहे. आपल्या प्रत्येक तालुक्याला असा एखादा केळूसकर हवा.

न्यूयॉर्कमधली तीन वर्षे

१९१३ च्या जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. बडोदे सरकारची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. त्याच वर्षी फेब्रुवारीत रामजी वारले होते. कोलंबिया विद्यापीठात भीमरावांनी साठच्या आसपास अभ्यासक्रमांना नाव घातले. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांची ओळख. दिवसातले अठरा-अठरा तास अभ्यास चाले, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. पैसे वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली.

एवढे वाचून माणूस माहितीच्या ढिगाखाली दबूनही जाऊ शकतो. ते दबले नाहीत, याचे कारण ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात सापडते. प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींचा उगम आणि वाढ या विषयावर निबंध वाचला. वय पंचवीस. निबंध लहानच आहे, पण शोधनिबंध कसा रचावा हे शिकायला आजही त्याइतका सोपा नमुना मिळणार नाही.

सुरुवातीला ते जातीच्या चार प्रसिद्ध व्याख्या घेतात. फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफिल्ड आणि रिस्ले, आणि आपले ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांनी अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात जातीच्या इतिहासावर काम केले होते. प्रत्येकाचे म्हणणे काय, त्यात बरोबर किती, अपुरे कुठे, हे ते क्रमाने दाखवतात. केतकरांना श्रेय देतात आणि त्यांच्याशीही मतभेद नोंदवतात. मग सगळ्या लक्षणांतून एकच लक्षण ते बाजूला काढतात. जातीबाहेर लग्न न करणे, हेच जातीचे मर्म. आता प्रश्न धारदार झाला. लग्ने जातीतच ठेवायची तर स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहायला हवी. पती वारला की बाई उरते, पत्नी वारली की पुरुष उरतो. या उरलेल्यांचे करायचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचे उत्तर ते या एका प्रश्नातून काढतात. मग एका गटाने दारे लावून घेतली की बाकीचे अनुकरणाने कशी लावतात, हे सांगतात.

आपल्या मुलांच्या अहवालात पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा असतो. त्यात अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले, अशी रांग लावलेली असते. त्या रांगेतून पुढे काहीच निघत नाही. भीमरावांच्या निबंधात चार विद्वान येतात आणि पाचव्या, स्वतःच्या, मुद्द्याकडे वाट करून देतात. एवढा एक फरक समजला तरी विद्यार्थ्याचे निम्मे काम होते.

बुडालेली पुस्तके

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धवट टाकून मुंबईला परतावे लागले. महायुद्ध चालू होते. ते स्वतः एका बोटीने आले, सामान दुसऱ्या बोटीने निघाले होते. ती बोट पाणतीराने बुडवली गेली. त्यात पुस्तकेही गेली.

बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तर राहायला जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून कचेरीत अपमान झाला, मुक्कामाच्या पारशी खाणावळीतून माणसे काठ्या घेऊन आली आणि बाहेर काढले. मुंबईला परतून १९१८ च्या नोव्हेंबरपासून ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्यातून काटकसर करून पैसे बाजूला टाकले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. अर्धे राहिलेले पुरे करण्यासाठी त्यांना विद्यापीठाने चार वर्षांची मुदत दिली होती. ती संपण्याआधी ते परत हजर झाले.

लंडनचा दिवस ठरलेला. सकाळी मोजकाच नाश्ता, मग ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय. ते उघडताना आत, बंद होताना बाहेर. जेवणावर पैसे आणि वेळ घालवायचा नाही. संध्याकाळी बाहेर पडताना कोटाचे खिसे टिपणांनी फुगलेले. रात्री खोलीवर पुन्हा वाचन, आणि भूक लागली तर भारतातून आणलेले पापड भाजून खायचे.

त्या फुगलेल्या खिशांचा मी विद्यार्थ्यांपुढे नेहमी उल्लेख करतो. म्युझियममधली पुस्तके घरी नेता येत नव्हती. जे नेायचे ते हाताने उतरवून. हाताने उतरवायचे म्हटले की माणूस निवडतो, कारण सगळे उतरवणे शक्यच नसते. आज आपण मोबाइलने पानांचे फोटो काढतो. शंभर पाने पाच मिनिटांत खिशात येतात आणि त्यांतले एकही डोक्यात शिरत नाही. फोटो जरूर काढावा, पण त्याच दिवशी त्या पानाचा सार स्वतःच्या चार ओळींत वहीत लिहावा, शेजारी पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक टाकावा. सहा महिन्यांनी लिहायला बसताना ती वही हाताशी येते, फोटो येत नाहीत.

प्रबंध परत आला

१९२१ साली एम.एस्सी. झाली. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. विषय रूक्ष वाटेल, पण तो प्रत्येक घराशी निगडित होता. १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी चांदीचे रुपये पाडून देणाऱ्या टांकसाळी बंद केल्या. पुढे रुपयाची किंमत एक शिलिंग चार पेन्सवर धरून ठेवण्याची खटपट झाली. ही व्यवस्था चांगली, असे जॉन मेनार्ड केन्स या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये पुस्तक लिहून सांगितले होते. आंबेडकरांचे म्हणणे उलट होते. परदेशाशी दर स्थिर दिसला तरी देशात रुपयाची खरेदी करण्याची ताकद स्थिर राहत नाही, सरकारच्या हाती रुपये पाडण्याची मोकळीक राहते, भाव चढतात आणि त्याची झळ गरिबाला बसते. हे त्यांनी सरकारचेच अहवाल, समित्यांच्या साक्षी आणि आकड्यांचे तक्ते यांच्या आधाराने मांडले.

परीक्षकांनी प्रबंध स्वीकारला नाही. निष्कर्षांची धार त्यांना रुचली नाही, असे चरित्रकार सांगतात. तो पुन्हा लिहून द्यावा, असा निरोप आला. त्या वेळी ते जर्मनीत बॉन येथे होते. हातचे पैसे संपत आले होते, घरी रमाबाई ओढगस्तीत संसार चालवत होत्या, डोक्यावर कर्ज होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. इथे बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. भाषा बदलली, मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. सुधारलेला प्रबंध लंडनला पाठवला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पदवी मिळाली. डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो छापला. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी लिहिली आणि तीत आपल्या शिष्याशी असलेले मतभेदही मोकळेपणाने नोंदवले. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या शाही आयोगापुढे डॉ. आंबेडकरांनी साक्ष दिली.

कोलंबियाच्या पदवीलाही असाच वेळ लागला. प्रबंध १९१६ मध्ये लिहून झाला होता, पण विद्यापीठाला छापील प्रती हव्या होत्या. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा तो ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पीएच.डी. १९२७ मध्ये पदरात पडली. अकरा वर्षे.

मार्गदर्शकाने लाल शाईने खुणा करून अहवाल परत केला की आमची मुले खचतात. कित्येक जण तिथेच शिक्षण सोडतात, नाहीतर तयार अहवाल विकत देणाऱ्याकडे वळतात. त्यांना मी १९२३ ची ही हकीकत सांगतो. दुरुस्ती सांगितली म्हणजे आपण नालायक ठरलो असे नव्हे. कुठली सूचना भाषेची, कुठली मांडणीची आणि कुठली आपल्या मताची, हे आधी वेगळे करावे. पहिल्या दोन मुकाट्याने ऐकाव्यात. तिसरीसाठी पुरावा तपासावा. पुरावा पक्का असेल तर मतावर ठाम राहावे.

समोरच्याचे म्हणणे आधी

पुढचे आयुष्य चळवळीचे, पण लेखनाची शिस्त सुटली नाही. दादरला राजगृह बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. वाचताना पेन्सिलीने खुणा करण्याची सवय कायम राहिली. पुस्तक लिहायला घेण्याआधी प्रकरणांचा आराखडा कागदावर उतरत असे. अपुऱ्या राहिलेल्या काही ग्रंथांचे असे आराखडे त्यांच्या कागदपत्रांत सापडले आणि महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या खंडांत छापलेही गेले.

आणखी एक सवय आपल्याकडच्या जुन्या शास्त्रार्थाची आठवण करून देते. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. पाकिस्तानच्या प्रश्नावर १९४० मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिला तेव्हा मुसलमानांची बाजू एका भागात मांडली, हिंदूंची दुसऱ्या भागात, आणि मग चर्चा केली. जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावरच्या १९३६ च्या भाषणावर गांधीजींनी टीका केली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत ती टीका आणि आपले उत्तर दोन्ही छापले. विरोधकाचे म्हणणे त्याला पटेल इतक्या नीट मांडता आले पाहिजे. वादाचे लेखन शिकायचे तर इथून.

आणि लिहिलेले दुसऱ्याला दाखवायचे. बुद्ध आणि त्याचा धम्म हा ग्रंथ पुरा करण्याआधी त्यांनी मोजक्या प्रती खासगी छापून जाणकारांना वाचायला दिल्या होत्या. एवढ्या मोठ्या माणसाला अभिप्रायाची गरज वाटली. आमच्या विद्यार्थ्याला मात्र आपला अहवाल मित्राला वाचून दाखवायची लाज वाटते.

मराठवाड्याला दिलेली वही

हे सारे त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय काढले. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. विद्यापीठ हैदराबादला, शिक्षण उर्दूतून. खेड्यातल्या मराठी मुलाला, त्यातही दलित मुलाला, महाविद्यालयाचे दार दुरूनही दिसत नव्हते. मिलिंदने ते उघडले. तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे मराठी साहित्याला नवा आवाज दिला, हे सर्वांना ठाऊक आहे.

आज दारे पुष्कळ उघडली आहेत. नांदेडला १९९४ पासून वेगळे विद्यापीठ आहे, सेलू-परभणीत महाविद्यालये आहेत. प्रश्न आत जाऊन काय करायचे, हा आहे. उसने लेखन रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचे, साठच्या पुढे नोंदणीच रद्द. तर शब्द फिरवून टक्केवारी खाली आणून देणारे धंदेवाले निघाले. आता संगणकाला विषय सांगितला की तो पानेच्या पाने लिहून देतो. यंत्राला माझा विरोध नाही. कठीण उतारा समजून घ्यायला, शब्दाचा अर्थ पाहायला, शुद्धलेखन तपासायला ते जरूर वापरावे. पण पहिला खर्डा त्याच्याकडून घेतला की आपले म्हणणे काय, हे शोधण्याची वेळच येत नाही. आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच आपल्याविषयी लिहिले, त्या घरातल्या मुलीने पहिल्यांदा हातात आलेली लेखणी पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यावी, याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून मी एवढेच सांगतो. वाचण्याआधी प्रश्न वहीत लिहा. वाचले की त्याच दिवशी चार ओळी लिहा, पान क्रमांकासह. मराठीत विचार येत असेल तर पहिला खर्डा मराठीत लिहा, इंग्रजी नंतर. लिहिण्याआधी प्रकरणे मांडा. ज्यांचे पटत नाही त्यांचे म्हणणे आधी लिहा. लिहून झाले की कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, अगदी आईला सुद्धा. तिला कळले नाही तर वाक्य बदला. आणि परत आले तर पुन्हा लिहा.

६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे दिल्लीत बाबासाहेबांचे झोपेतच निधन झाले. आदल्या रात्री, प्रकृती ढासळलेली असताना, ते बुद्धावरच्या ग्रंथाची प्रस्तावना पुन्हा एकदा नजरेखालून घालत होते. ग्रंथ पुढच्या वर्षी निघाला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी, पदव्यांची गरज उरली नसताना, लिहिलेले पुन्हा तपासावे असे त्यांना वाटले. वालूरच्या मुलांना मी त्यांच्या पदव्यांआधी ही रात्र सांगतो.